४.२.७ खालची टीप

सेथुन्याने पहिल्या दिवशी सर्व्हर उघडला तेव्हा
'नवीन' नावाचे एकोणीस फोल्डर होते.
त्यातल्या एकात 'नवीन खरं', त्याच्या पोटात 'जुनं',
आणि एक 'गाओलाथे, हात लावू नये',
ज्याला अकरा वर्षांत खरंच कुणी हात लावला नव्हता.
गाओलाथे निवृत्त होऊन गुरं राखतो आता.
फोन केला तर म्हणाला, काय होतं बाई त्यात? उघड की.
उघडलं. भाचीच्या लग्नाचे फोटो
आणि तीन मूळ ठराव, सहीशिक्क्यांसकट.

जमीन मंडळाची कचेरी, कालाहारीच्या कडेला.
भिंतीवर तिने तपकिरी कागद चिकटवला
आणि टेबलाटेबलाशी विचारत गेली,
तुम्ही कोण ते नको, तुम्ही करता काय ते सांगा.
लोक आधी हुद्दा सांगत, मग गप्प होत,
मग हळूहळू क्रियापदं बाहेर येत:
मोजतो. वाटतो. नाकारतो. पुन्हा मोजतो.
साहेब बदलतात, खात्यांची नावं बदलतात,
मोजणं तेवढं राहतं.
म्हणून कार्य, त्याखाली कृती, त्याखाली व्यवहार;
तीन पायऱ्या, चौथी नको.
चौथ्या पायरीवर माणूस कंटाळतो
आणि सगळं 'इतर'मध्ये टाकून चहाला जातो.

'इतर' तिने ठेवलंच नाही.
यावरून मोथिबेदी साहेबांशी आठवडाभर वाजलं.
ते म्हणाले, प्रत्येक घराला अडगळीची खोली असते.
ती म्हणाली, म्हणून तर आपण इथवर आलो.

चौदा महिने लागले.
प्रत्येक वर्गाला आकडा, प्रत्येक आकड्याला वय:
हे सात वर्षं, मग नष्ट. हे कायम.
हे खटला संपल्यापासून वीस.
एक लाख बारा हजार फायली
ज्याच्या त्याच्या घरी गेल्या.
त्या रात्री तिला स्वप्नसुद्धा क्रमांकाने पडलं.

आणि मग एका मंगळवारी
मोइत्शेफी म्हातारा आला, टोपी हातात धरून.
माझ्या भावाच्या बोअरचा कागद हवा, म्हणाला.
क्रमांक? नाही. वर्ष?
ज्या वर्षी तांबड्या बैलावर वीज पडली.
ठिकाण?
वाकडा मोरुला होता ना, तिथे.
आता तोही नाही.

तिने पाणी शोधलं, जमीन शोधली, तंटे शोधले.
भाऊ म्हणजे मयत अर्जदार की प्रतिवादी?
आडात आहे, हे तिला ठाऊक होतं.
पोहऱ्यात येत नव्हतं.
दुपारचे साडेतीन झाले. म्हातारा बाकावर
शेतात बसावा तसा बसला होता, घाई नसलेला.

सापडलं ते कागद नव्हतंच.
खोत्ल्यातल्या गावसभेची ध्वनिफीत,
कधीतरी कुणी संगणकात उतरवलेली.
तिनेच स्वतः ती ४.२.७ मध्ये लावली होती,
पाणीहक्क, तंटे, मिटलेले.
नावाच्या जागी फक्त तारीख.
नष्ट करण्याचा दिवस: येत्या मार्चचा एकतीस.

तिने स्पीकर लावला.
गुरांचं हंबरणं, कुणाचा तरी खोकला, मग एक जाड आवाज:
झाडापासून चाळीस पावलं. माझी पावलं, याची नव्हेत.
म्हातारा हसला.
प्रत मागितली नाही त्याने.
पुन्हा एकदा लाव, म्हणाला.

संध्याकाळी तिने ४.२.७ पुढचा 'नष्ट' खोडून 'कायम' केला,
कारणाच्या रकान्यात 'हक्काचा पुरावा' लिहिलं,
आणि वर्गाखाली टीप घातली:
वाकडा मोरुला, वीज पडली ते वर्ष, चाळीस पावलं, हेही इथेच पाहावं.
मोथिबेदींनी विचारलं, या अधिकृत संज्ञा आहेत का?
लोक याच नावाने मागतात, ती म्हणाली.
त्यांनी चष्मा पुसला, सही केली.

दिवे मालवण्याआधी एक नोंद उरली होती:
आजची भेट.
नागरिक सेवा, चौकशी, निकाली.
दोन वर्षं, मग नष्ट.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला
त्या 'निकाली'पाशी.